वळणावरचे पांढरे दगड

१

घर एका बाजूला आणि हे गेले दुसऱ्या बाजूला. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

हे म्हणजे माझा नवरा. महामार्गाच्या गस्तीच्या गाडीवर होते. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली, तेल सांडलं, झाड आडवं झालं, की तिथे जायचं, मागून येणाऱ्यांना सावध करायचं आणि रस्ता मोकळा करून द्यायचा, हे त्यांचं काम. त्या संध्याकाळी ड्यूटी संपली. ह्यांनी चौकीत गाडीच्या किल्ल्या दिल्या आणि आपली मोटरसायकल काढली. चौकीपासून आमचं घर मावळतीला. हे सापडले उगवतीला, ओढ्यावरच्या मोरीजवळच्या वळणावर. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटचा पट्टा घट्ट लावलेला. डाव्या लेनमध्ये चुन्याने रंगवलेले दगड ओळीने मांडलेले होते आणि त्यातल्या एकावर ह्यांचं पुढचं चाक गेलं होतं.

मला रडू आलं नाही. आता येईल, मग येईल म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. शेजारीण तर पाण्याचा पेला हातात धरून तयारच. पण आत काही हललंच नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की आपला गाल आपला वाटत नाही ना, तशी मी सगळीच झाले होते. म्हणून लवकरच कामावर गेले. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. लायसन काढायला येणाऱ्यांना नियम, पाट्या, वेगमर्यादा, कुठे थांबायचं, कुठे नाही, हे सगळं घोकून घेते. मालक म्हणाले, "बाई, अजून थोडे दिवस घरी बसा." घरी बसून काय करू? भिंतींशी बोलू?

घरी सासूबाई होत्या आणि त्यांचा एकच प्रश्न होता. "तो तिकडे कशाला गेला होता गं?" त्यात शेजारणीने भर घातली. "तिकडे कुणी ओळखीची राहते का हो?" म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी नुसतं बघितलं तिच्याकडे, तेवढ्यावर ती घरी गेली. पण तिचा प्रश्न काही गेला नाही. तो सासूबाईंच्या मनात जाऊन बसला आणि त्यांचं जेवण तुटलं.

फौजदारांना असले प्रश्न पडत नाहीत. वळणाच्या पलीकडे एक पंक्चरचं दुकान आहे. दुकानाच्या अंगणाला तसल्याच पांढऱ्या दगडांची कड. झालं! हा बाबा रस्त्यात दगड मांडतो, गाड्या आपटल्या की ह्याचा धंदा होतो, असा हिशेब मांडून त्यांनी पंक्चरवाल्याला कोठडीत टाकलं. पेपरात फोटोसुद्धा आला.

इकडे महामार्गाच्या ऑफिसातून साहेबांचा निरोप आला. सुरक्षा सप्ताह चालू आहे, समारोपाला ह्यांचा मरणोत्तर सत्कार करायचाय. 'रस्त्यासाठी जगलेला माणूस' असं मानचिन्हावर कोरायला दिलंय. सासूबाईंनी चांगली साडी काढून ठेवली. मी हो म्हटलं. मला तेव्हा काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात धोक्याचा त्रिकोण शिकवत होते. गाडी बंद पडली तर तो गाडीच्या बुडाशी नाही लावायचा, चांगला मागे जाऊन लावायचा, नाहीतर बघणाऱ्याला थांबायला जागाच उरत नाही, असं चाललं होतं. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हाताला काळं ग्रीस, केस कसेतरी बांधलेले.

"तुमच्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याने मारलं नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आणि ते तुम्हीच शोधून काढायचं."

२

तिला मी बाहेर बाकावर बसायला सांगितलं. बसली नाही.

"मी का?" मी विचारलं. "मी काय पोलीस आहे?"

"पोलीस नाही म्हणूनच आले. तुम्हाला रस्त्यातलं कळतं. आणि तुम्ही बोललात तर फौजदार ऐकतील. माझं कोण ऐकतंय? मला त्याला भेटूपण देत नाहीत. समारोप झाला की दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कोर्टात उभं करणार आणि मोठ्या तुरुंगात पाठवणार. एकदा तिकडे गेला की गेलाच म्हणा."

"तुमच्या दुकानापुढे तेच दगड आहेत."

"मोरीजवळ पडलेले असतात, आणले उचलून. गुन्हा झाला?" ती भडकली. "पण दुकानाचे सगळे दगड जागच्या जागी आहेत. एक कमी असेल तर माझं नाव बदला! आणि धंद्यासाठी दगड टाकणारा माणूस आपल्याच दुकानाचे पांढरेशुभ्र दगड टाकेल? एवढा येडा नाही माझा नवरा. थोडा आहे, पण एवढा नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला त्या क्षणी पटलं. पटलं म्हणजे डोक्याला पटलं. वाईट वगैरे काही वाटलं नाही. तरीही मी स्कूलची गाडी काढली आणि तिला घेऊन वळणावर गेले. जायचं म्हणून गेले.

पोलिसांनी दगड कडेला ढकलून ठेवले होते. पण डांबरावर त्यांच्या जागा राहिल्या होत्या, चुन्याचे पांढरे डाग. मी कडेच्या पट्टीवरून चालत त्या डागांजवळ गेले. पहिला डाग रस्त्याच्या अगदी काठाला. दुसरा थोडा आत. तिसरा आणखी आत. अशी तिरकी ओळ हळूहळू लेनमध्ये शिरत गेलेली, आणि दोन डागांमधलं अंतर सगळीकडे सारखं. ओळ संपल्यावर पुढे बरीच मोकळी जागा, आणि तिथे कडेला जड टायरचे ठसे आणि सांडलेलं काळं तेल.

"इथे ट्रक बंद पडला होता," पंक्चरवालीण म्हणाली. "बटाट्याचा. त्याचं चाक आमच्याकडेच आलं होतं. आम्ही दोघं त्या चाकाला भिडलो होतो, इकडे कोण आलं, कोण गेलं, मला काही माहीत नाही."

मी तिथेच उभी राहिले. ट्रकवाले दगड लावतात, ते कुणीही पाहिलेलं असतं. चाकाला लागून, नाहीतर बुडाशी गोलाकार, हाताला येतील तसे. लुटारू लावतो तो सरळ आडवा. असा तिरका, मागे लांबून सुरू झालेला, मोजून लावलेला दगड ह्यातला कुणीच लावत नाही. येणाऱ्या गाडीला धक्का न देता हळूच शेजारच्या लेनमध्ये वळवणारी ती ओळ आहे. मी वर्गात फळ्यावर काढते, तशीच.

मी एक दगड उचलून बघितला. दोन्ही हात लावून, पाय फाकवून, तो जेमतेम गुडघ्यापर्यंत आला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"हे दगड कुणीतरी जीव वाचवायला लावलेत," मी म्हटलं. "ज्याला नियम पाठ आहे अशा माणसाने."

३

ट्रकवाला आपणहून सापडला. आपला जॅक तो दुकानात विसरून गेला होता आणि परतीच्या फेरीत तो मागायला आला. पंक्चरवालिणीने जॅक पायाखाली धरला आणि मला फोन लावला. "लवकर या. मी ह्याला चहात गुंतवलंय."

माणूस गोल चेहऱ्याचा, हसरा. पंक्चरवाला कोठडीत आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. ऐकलं आणि हसू मावळलं.

"दगड तुम्ही लावले?" मी विचारलं.

"मी कशाला लावू? माझ्याकडे त्रिकोण आहे की."

"लावला होता?"

तो घुटमळला. "सीटखाली आहे. नवा कोरा आहे, अजून प्लॅस्टिकमधून काढलेला नाही."

"म्हणजे लोणच्यासारखा मुरायला ठेवलाय."

"बाई, चूक झाली. पण मी चाक काढून दुकानात दिलं आणि गाडीखाली शिरलो. तेल गळत होतं. तेवढ्यात गस्तीची पिवळी गाडी आली. त्यांनीच दगड लावले."

माझ्या शेजारी पंक्चरवालीण ताठ झाली. मी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "कुणी लावले?"

"गाडीखालून काय दिसणार? बूट दिसले. एकाच माणसाचे, जाताना, येताना, जाताना, येताना. दुसरा गाडीतच बसून होता. मी हाक मारली, 'साहेब, मदत करू का?' तर म्हणाले, 'तुम्ही तुमचं काम करा.'"

"आवाज कसा होता?"

"आवाजासारखा आवाज. मागून ट्रक जात होते हो!"

"आणि दगड उचलायचे कुणी?"

"ज्याने लावले त्याने. रस्त्यातला रिवाजच आहे तो. चाक बसलं, त्यांनी मागे लांबूनच हात करून मला पुढे काढलं, तोंड काही दिसलं नाही. मी आरशात पाहिलं, त्यांची गाडी तिथेच उभी होती. म्हटलं, आता उचलतील."

गस्तीच्या गाडीत दोनच माणसं असतात. एक हे आणि एक ह्यांचा जोडीदार. जोडीदार मला वहिनी म्हणतो. ह्यांच्या मागे त्याने दवाखाना, गाडी, माणसं, सगळं बघितलं. आणि त्यानेच फौजदारांना सांगितलं होतं की त्या दिवशी आमची गाडी त्या वळणावर थांबलीच नाही.

ह्यांचा तर प्रश्नच नव्हता. ह्यांना अख्खी चौकी 'टेप' म्हणायची. रस्त्यावर ठेवायच्या दोन नारिंगी कोनांमधलं अंतर हे टेप लावून मोजायचे, भर पावसात, मागचे ड्रायव्हर शिव्या देत असताना. बाजारात जाताना दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. असा माणूस रस्त्यात दगड विसरेल? मग उरला एकच.

४

पण एक गोष्ट खटकत होती. दगड का? गस्तीच्या गाडीत नारिंगी कोन असतात, मागच्या बाजूला ते ठेवायची मांडणीच असते. कोन असताना कुणी दगडांशी कशाला झटेल?

उत्तर मला शोधावं लागलं नाही. साहेबांनी समारोपाची जागा बघायला बोलावलं होतं. मैदानात मांडव घातलेला. प्रवेशाला कमान, आणि कमानीपासून व्यासपीठापर्यंत दोन्ही बाजूंनी नारिंगी कोन. प्रत्येक कोनाच्या टोकाला फुगा.

"कसं वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

"हे कोन कुठले?"

"आपलेच. सगळ्या गस्तीच्या गाड्यांमधले मागवून घेतले. सप्ताहभर इथेच आहेत. विषयाला धरून सजावट हवी ना." मग त्यांचा चेहरा जरा उतरला. माणूस मठ्ठ नव्हता. "का हो?"

"काही नाही. फुगे छान आहेत."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. सुरक्षेचा सप्ताह साजरा करायला रस्त्यावरची सुरक्षा उचलून मैदानात आणली होती. मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली. तो नाही आला.

पण विचार चालू होता, तो काही थांबला नव्हता. गाडीच्या मागच्या दाराची गोष्ट हे जेवताना नेहमी सांगायचे. काम झालं की कोन उचलत गाडी उलटी न्यायची, एकेक कोन जागेवर ठेवायचा, आणि मांडणी भरली की मगच दार लावायचं. "दार उघडं दिसलं की समजायचं रस्त्यात काहीतरी राहिलंय. डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, दारावर ठेवायचा." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सगळ्या नव्या पोरांना त्यांनी हेच शिकवलेलं.

आणि त्या दिवशी मांडणी सकाळपासूनच रिकामी होती. दार सकाळपासूनच लावलेलं. दगड काही मांडणीत ठेवायचे नव्हते. आठवण करून देणारं काहीच नव्हतं. काम संपलं, ट्रक गेला, आणि ज्याने ओळ लावली तो रिकाम्या हाताने गाडीत बसला. इतक्या वर्षांची सवय, ती सवयच त्याला घेऊन गेली. मुद्दाम नाही केलं कुणी. हे मला कळलं, पण त्याने पंक्चरवाला सुटत नव्हता. त्यासाठी माणूस हवा होता, आणि माणूस मला माहीत होता.

समारोप दुसऱ्या दिवशी होता. मी मैदानातून तडक चौकीत गेले.

५

जोडीदार एकटाच होता. मला बघून उठायला गेला आणि अर्ध्यात थांबला. कमरेला रुंद पट्टा. टेबलाला धरून कसाबसा सरळ झाला.

"वहिनी, तुम्ही कशाला आलात? मी आलो असतो."

"बस. ट्रकवाला भेटला मला."

तो बसला. भिंतीकडे बघत राहिला.

"तुम्ही थांबला होतात. दगड लावले होते. आणि तू फौजदारांना खोटं सांगितलंस. त्या पंक्चरवाल्याची बायको दुकान एकटी ओढतेय. तुला झोप कशी लागते रे?"

"नाही लागत," तो म्हणाला. मग एकदम, पाठ केल्यासारखं, "मीच लावले, वहिनी. मीच उचलायचे विसरलो. माझ्यामुळे टेपदादा गेले. उद्या समारोप होऊ द्या, परवा सकाळी मी जातो फौजदारांकडे. तुम्ही नका पडू ह्यात."

हेच ऐकायला मी आले होते. ऐकलं, आणि उठायला हवं होतं. पण माझी नजर त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर अडकली. दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं त्या दिवशी सगळ्यांनी हात लावले होते. हा एकटा दाराशी रडत उभा होता, कारण डॉक्टरांनी त्याला भरली बादलीसुद्धा उचलायला मनाई केली होती. दीड महिना तो गाडीत बसून फक्त वायरलेस सांभाळत होता. हे मला ह्यांनीच सांगितलेलं. "त्याला वाकू देत नाही मी," म्हणाले होते.

"ऊठ," मी म्हटलं. "तो कोपऱ्यातला पाण्याचा जार उचल."

"वहिनी..."

"उचल ना. ते दगड ह्याहून जड आहेत. मी उचलून बघितलाय."

तो उठला नाही. त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं.

बूट एकाच माणसाचे. दुसरा गाडीत बसून. गाडीत माणसं दोन. गणित पहिल्यापासून समोर होतं आणि मी त्याचं उत्तर सोडून सगळं लिहीत होते. दवाखान्याने दिलेल्या पिशवीत फुटका फोन होता, किल्ल्या होत्या, आणि जॅकेटच्या आत खोचलेले कामाचे हातमोजे होते. कामाचे हातमोजे हे कधी घरी आणत नसत, चौकीतच खिळ्याला लटकवायचे. मोज्यांवर पांढरी पूड होती. मी दवाखान्याची म्हणून झटकून टाकली होती.

"दगड ह्यांनी लावले," मी म्हटलं. बोलले तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं.

जोडीदाराने मान हलवली.

"आणि घर इकडे असताना हे तिकडे गेले, ते दगड उचलायला. मोजे घेऊन."

"फोन आला होता त्यांचा," जोडीदार हातांच्या आडून बोलला. "घराच्या वाटेवर होते. गाडी कडेला घेऊन फोन केला. म्हणाले, 'अरे, दगड राहिले! मागचं दार लावलेलं बघून मला वाटलं सगळं झालं.' मी म्हटलं, 'दादा, मी वायरलेसवर सांगतो कुणालातरी, नाहीतर सकाळी बघू.' तर म्हणाले, 'सकाळी? अंधार पडतोय, कुणीतरी मरेल. तू वाकू नकोस, मी जातो.' आणि फोन ठेवला."

"मग? वायरलेसवर सांगितलंस?"

"सांगतच होतो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, फुग्यांचा पंप चौकीत आहे का म्हणून. तो शोधत बसलो. म्हटलं, दादा गेलेत ना, आता काय काळजी." तो रडत होता. "कधी वेग मोडला नाही त्या माणसाने. त्या दिवशीच मोडला असेल. दगडांपर्यंत कुणाच्या आधी पोचायचं म्हणून."

वळण, अंधार, घाई. पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. मी तेच शिकवते.

"मग पंक्चरवाल्याला का अडकवलंस?"

"मी नाही अडकवलं. मी फक्त म्हटलं, थांबलो नाही. दादांच्या नावाला डाग नको म्हणून. मग फौजदारांनी त्याला उचललं आणि मला तोंड उघडायची हिंमतच झाली नाही. उद्या दादांचा सत्कार आहे, वहिनी. सगळी चौकी येणार आहे. मी माझ्यावर घेतो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," मी म्हटलं. "आणि तुला जार उचलता येत नाही हे कोर्टालाही कळेल."

६

घरी आले. सासूबाई इस्त्री केलेली साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उद्या काय बोलायचं ते पुटपुटत होत्या. मला बघून थांबल्या.

गोड करून सांगायची कला माझ्याकडे नाही आणि त्या दिवशी तर मुळीच नव्हती. मी सगळं सांगितलं. दगड कुणाचे, का विसरले, कोठडीत कोण बसलंय. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाटलं, ही म्हातारी आता कोसळेल, आणि मग तरी माझ्या आत काहीतरी हलेल.

त्या कोसळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे तिकडे बाईबिई कुणी नव्हती?"

"नाही आई. दगड उचलायला गेले होते."

"आठवलं तसा गेला?"

"आठवलं तसे गेले."

त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. मग माझ्याकडे बघून जरा चिडूनच म्हणाल्या, "मग तू इथे काय करतेस? त्याचं काम अर्धं राहिलंय ना? तो बिचारा आत बसलाय. जा, उरकून ये."

"उद्याचा सत्कार जाईल."

"जाऊ दे. त्या सत्काराला काय माझा मुलगा येणार आहे?"

फौजदार ठाण्यात होते. मी बोलत गेले तसे त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. "बाई, हे हात दाखवून अवलक्षण आहे," ते म्हणाले. "मेलेल्या नवऱ्यावर बालंट आणताय. रात्रभर विचार करा. ह्यात तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही. लिहा."

तेवढ्यात जोडीदार कमरेला धरत आत आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. त्याने फोनचं सांगितलं, कोनांचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. माझ्या फोनवरून पंक्चरवालीण ट्रकवाल्याला जॅकसकट घेऊन आली होती. फौजदारांना लिहावंच लागलं. लिहिलेलं मला वाचून दाखवलं. 'मयताच्या हलगर्जीपणामुळे' ह्या शब्दांशी ते अडखळले. मी म्हटलं, बरोबर आहे, पुढे वाचा. खाली सही केली. नातं विचारलं, ते सांगितलं.

पंक्चरवाल्याला बाहेर काढलं. किरकोळ माणूस, एक गाल सुजलेला. बायको नुसती त्याच्या शर्टाची बटणं नीट लावत राहिली. मी दोघांना म्हटलं, चला, गाडीने सोडते. वाटेत तो हळूच म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं फौजदारांना, की तिरकी ओळ आहे, गस्तीवाल्यांचीच असते अशी. तर म्हणाले, मेलेल्या माणसावर ढकलतोस? आणि दोन ठेवून दिल्या. मग गप्प बसलो."

"तुम्ही ओळ पाहिली होती?"

"हो. ट्रक गेल्यावर दुकान आवरताना पाहिली. उजेड होता अजून. जावं आणि काढून टाकावेत दगड, असं मनात आलं होतं माझ्या."

"मग?"

बायकोने त्याचा हात दाबला, तरी तो बोलला.

"मला वाटलं, टेपसाहेबांची ओळ आहे, आपण कशाला हात लावायचा. ते येतील. ते कधी विसरत नाहीत."

मी गाडी चालवत राहिले. पुढे वळण आलं. रस्ता मोकळा होता, सगळ्या लेन मोकळ्या होत्या. आत कुठेतरी, खूप खोल, सुईचा असर उतरताना दुखू लागतं तसं दुखू लागलं होतं. मी इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि त्यांच्या दुकानापुढे गाडी उभी केली.